नऊ सेकंद

११ मे

आत्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, ती मला इथून दिसतेय. पण फोन तू उचलत नाहीस. बाबांना मध्ये घातलं तर ते "तुमचं तुम्ही बघा" म्हणतात आणि बस धुवायला निघून जातात. आणि मला गप्प बसता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून हा कागद.

तू प्रदर्शनातून न सांगता गेलीस. मी चहा आणायला गेले होते. दोन कप घेऊन परत येते तर तू नाहीस, आणि डॉक्टरीणबाई एकट्याच माझ्या पोस्टरसमोर उभ्या. त्या म्हणाल्या, "अगं, मी एवढंच म्हटलं, की ही तर तुमची टाचण्यांची उशी! तर त्या वळल्या आणि चालायलाच लागल्या. माझ्या गाडीतून आल्या होत्या, आता परत कशा जाणार?" दोन्ही कप शेवटी त्यांनीच प्यायले.

मला आधी काही कळलंच नाही. पोस्टरवर तुझं नाव नव्हतं, चेहरा नव्हता. नुसते हात होते, आणि खाली ओळ होती: "वापरकर्ती क्रमांक तीन. वय अठ्ठावन्न. व्यवसाय शिवणकाम. हातांना कंप." आमच्याकडे असंच लिहितात गं. प्रॉडक्ट डिझाइनच्या पहिल्या वर्षाला घोकून घेतात, की कागदावर रेघ मारायच्या आधी माणूस वस्तू कशी वापरतो ते डोळ्यांत तेल घालून बघा. मी बघितलं. तू कात्री चालवत असताना व्हिडिओ घेतला, घड्याळ लावून एकेक हालचाल मोजली, तक्ता केला. सर वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला बघता येतं." ते वाक्य मी तुला दाखवायला म्हणून बोलावलं होतं. तू नवा निळा ड्रेस शिवून आलीस, तेव्हा मला वाटलं, आज आत्या मिरवणार.

मनगटावरची ती उशी मात्र माझ्या ध्यानात आली नाही. जांभळ्या मखमलीची, एका बाजूनं फुगलेली, मी पाचवीत असताना शिवलेली. तुझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना तिच्यातली टाचणी कधी ना कधी टोचलेली आहे. ते ओळखणारच.

चूक झाली. पण इतकी मोठी झाली का, की एक शब्दही बोलू नये? सुट्टीत आले की दुकानात येते. राग सोडून ठेव.

तुझी
टाचणी

२ सप्टेंबर

आत्या,

सुट्टीत तीनदा आले. पहिल्या दोन्ही वेळा तू मला बघितलंस आणि मशीन चालू केलंस, सुईत दोरा नसताना. तिसऱ्या वेळी वर बघून विचारलंस, "काय शिवायचंय तुम्हाला?"

तुम्हाला! आईची रुग्णालयातली ड्यूटी आणि बाबांच्या बसच्या फेऱ्या, म्हणून चार वर्षांची असल्यापासून मी तुझ्या कटिंग टेबलाखाली वाढले. चिंध्यांवर झोपले. सारखी कुणाला तरी टोचत असते म्हणून तू माझं नाव टाचणी ठेवलंस. आणि आता "तुम्हाला". मी "काही नाही" म्हटलं आणि शेपूट घालून बाहेर आले. पायरीवर बराच वेळ रडले, हे तुला काचेतून दिसलं असेलच.

तुझ्या मनगटावर उशी नव्हती. टाचण्या बशीत ठेवल्या होत्यास.

मागच्या पत्रात मी तीन गोष्टी लिहिल्या नाहीत. आज लिहिते, नाहीतर दुसरं वर्ष तोंड लपवतच जाईल.

व्हिडिओ घेताना तू म्हणाली होतीस, "हे कुणाला दाखवू नकोस हं." मी "नाही गं" म्हटलं होतं. विसरले असं सांगितलं तर खोटं होईल. मला आठवत होतं. पोस्टर चिकटवतानाही आठवत होतं. पण वर्गात बाकीच्यांनी दात घासायचा ब्रश आणि पाण्याची बाटली आणली होती, आणि माझ्याकडे खरं माणूस होतं. मला पहिलं यायचं होतं. तेवढंच कारण आहे.

दुसरं म्हणजे मला सगळं माहीत होतं. पावत्या तू बाबांकडून लिहून घेतेस, "चष्मा घरी राहिला" असं गिऱ्हाइकाला सांगतेस. सुईत दोरा ओवायची वेळ आली की कुणालातरी पडद्यामागे पाठवतेस, किंवा स्वतः जातेस. इतकी वर्षं तू जे झाकून ठेवलंस, ते मी चार फुटी कागदावर छापलं.

आणि तिसरं. प्रदर्शन संपलं तरी ते पोस्टर आमच्या जिन्यावर लावलेलं होतं. ऑगस्टपर्यंत. मी रोज त्याच्या बाजूनं वर जायचे आणि मला थोडं बरंही वाटायचं. मग बाबांनी फोनवर सांगितलं, की डॉक्टरीणबाईंनी यंदाचे कोट दुसरीकडे शिवायला टाकले. "काम वाईट म्हणून नाही, त्यांच्या हातांना त्रास नको म्हणून," असं त्या म्हणाल्या म्हणे. त्यांच्यामागून आणखी दोघी गेल्या. त्या दिवशी मी पोस्टर काढलं. विभागाच्या माहितीपुस्तकात ते छापायचं ठरलं होतं, ते नको म्हणून सांगितलं. सर नाराज झाले. व्हिडिओही पुसला. यातल्या कशानं तुझी गिऱ्हाइकं परत येणार नाहीत, तेही कळतंय.

अभ्यासाचं सांगू का? नकोच. एवढंच सांगते, की पुठ्ठ्याची खुर्ची करायची होती, माझ्या खुर्चीवर सर बसले आणि सरळ जमिनीवर गेले. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस. मग म्हणाली असतीस, "ट्रायल घेतली होतीस का?" नव्हती घेतली.

टाचणी

१९ जानेवारी

आत्या,

दीड वर्षानं लिहितेय. मधली चार पत्रं लिहून फाडली. सगळ्यांत मी स्वतःचीच बाजू मांडत होते.

मी आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि दोन महिन्यांसाठी एका किटल्यांच्या कारखान्यात कामाला आहे. किटलीचं हँडल सुधारायचं आणि पॅकिंगच्या जागेची मांडणी बघायची. पहिला आठवडा मी भिंतीशी उभी राहून वही भरत होते. पॅकिंगला एक बाई आहेत, सगळे त्यांना मावशी म्हणतात. खोकी उचलताना त्या दर चौथ्या खोक्याला थांबायच्या. मी लिहिलं, "थकवा." त्यांनी ते लांबून वाचलं असावं, कारण तिथूनच ओरडल्या, "ए पोरी, बघत काय बसलीस? तोंड दिलंय ना? विचार की!"

मी विचारलं. त्या म्हणाल्या, "दमले म्हणून नाही थांबत. थांबते म्हणून दमत नाही. चौथ्याला पाठ सरळ करायची. बावीस वर्षं झाली, अजून पाठ धरली नाही. या बाकीच्या बघ, पट्टे लावून फिरतात."

आत्या, मी तिथंच वहीतला "थकवा" खोडला.

त्याच संध्याकाळी पहिल्या वर्षाची वही काढली. व्हिडिओ पुसला तरी तक्ता वहीत होताच. माझ्याच अक्षरात, लाल शाईनं: "अडचण. प्रत्येक लांब कापाआधी सरासरी नऊ सेकंद थांबते." त्या नऊ सेकंदांवर माझं सगळं पोस्टर उभं होतं. ते वाचवायला म्हणून मी स्प्रिंगची कात्री काढली होती, जी म्हणे तुला पटपट कापू देणार होती.

आता डोळे मिटून आठवून बघते, तर तू कात्रीचं खालचं पातं टेबलावर टेकवतेस. हात सैल सोडतेस. श्वास सोडतेस. ओठ हलतात. आणि मग एकदम, एका दमात, बाहीचा सगळा गोलवा कापून काढतेस, कुठेही करकर नाही. तू अडलेली नव्हतीस. थरथर येते, तिला जाऊ द्यायचं आणि मगच कापायचं, ही तुझी रीत होती. तू मोजत होतीस का गं? मोजत असशील तर आकडा किती? मी बाहेरून नऊ मोजले, पण आत किती होते ते मी कधी विचारलंच नाही.

कात्रीच्या अंगठ्याच्या कडीला तू चिंधी गुंडाळून ठेवतेस. फोटोत ती वाईट दिसेल म्हणून मी ती काढायला लावली होती. त्या दिवशी तुझा अंगठा दुखला असणार, आणि तू काही बोलली नाहीस. आता लिहितानाही कान तापलेत.

कारखान्यात आता मी मावशींच्या शेजारी उभी राहून खोकी भरते. दहा दिवस झाले. चौथ्याला थांबायला शिकले. हँडलचं पहिलं मॉडेल त्यांनी हातात घेतलं, दोनदा उचललं आणि म्हणाल्या, "बरं आहे. टाकून दे." दुसरं टाकलं नाही.

बाबांना विचारलं, आत्या पत्रं वाचते का. ते म्हणाले, "मला नको त्यात ओढू. पण मशीनच्या खणात दोन पाकिटं आहेत, कात्रीनं सरळ कापून उघडलेली." सरळ म्हणजे अगदी सरळ का, असं मी विचारलं. म्हणाले, "पट्टी लावल्यासारखी." मला फार बरं वाटलं. वाचलीस म्हणून, आणि कात्री अजून चालते म्हणूनही.

टाचणी

६ मार्च

आत्या,

चौथं वर्ष, आणि शेवटचा प्रकल्प. बाबांच्या हाती पत्रासोबत एक खोकं पाठवलंय. उघडायच्या आधी हे वाच.

आत कात्रीचं मॉडेल आहे. पाती जुन्या कात्रीची, मुठी मी हलक्या लाकडातून कोरल्या आहेत. बोटांना फोड आलेत, पण ते सोड. खालच्या मुठीला चपटा तळ दिलाय. टेबलावर ठेवली की ती आपली आपण उभी राहते, तोलावी लागत नाही. तू जितका वेळ थांबशील तितका वेळ तीही थांबेल. तुला पटपट कापायला लावणारं तिच्यात काही नाही. अंगठ्याची कडी मुद्दाम मोठी ठेवलीय, चिंधीला जागा सोडून. शिवणीत तू जशी आत माया सोडतेस, उद्या अंग भरलं तर उसवता यावं म्हणून, तसं.

हे मी कुणालाही दाखवलेलं नाही. प्रकल्पाच्या मॅडम रोज विचारतात, कपाटाला कुलूप का लावतेस. मी त्यांना सांगितलं, की ही वस्तू एका माणसाच्या हातांवरून केलीय आणि त्या माणसाला अजून विचारलेलं नाही. त्या म्हणाल्या, "मग विचार." मी म्हटलं, "ते माझ्याशी बोलत नाहीत." त्यांनी कपाळाला हात लावला.

एप्रिलच्या शेवटी ज्युरी आहे, म्हणजे बाहेरून तीन जाणकार येतात, काम तपासतात, आणि त्यावर पदवी ठरते. तुझा होकार आला तर बाबांकडून ही कात्री परत मागवून मांडेन. नाही आला तर मांडणार नाही. दुसरा विषय मी घेतलेला नाही. हे तुझ्यावर ओझं टाकायला लिहीत नाही. मागच्या वेळी तू स्पष्ट "नको" म्हटलं होतंस तरी मी ऐकलं नाही. या वेळी तू काहीच बोलली नाहीस, तर तेही "नको"च धरीन.

आवडली नाही तर फेकून दे. खोकं मात्र ठेव, पक्कं आहे, बटणं ठेवायला होईल.

एक गंमत बाबांनी सांगितली. डॉक्टरीणबाईंचा दुसरीकडे शिवलेला कोट पेशंटसमोर काखेत टरकला, आणि त्या तो घेऊन तुझ्याकडे आल्या. तू म्हणालीस म्हणे, "हात वर करा. आता खाली बसा. आता श्वास घ्या. हे त्यांनी विचारलं होतं का?" मी एकटीच खोलीत खो खो हसले. आणि मग डोळे पुसत बसले, कारण हे सगळं मला चार वर्षं कॉलेजात शिकवत होते, आणि टेबलाखाली बसून मी ते आधीच हजार वेळा ऐकलेलं होतं.

टाचणी

२८ एप्रिल

आत्या,

काल ज्युरी झाली. तुझं काही आलं नाही, म्हणून मी कात्री मांडली नाही. बाकीच्यांच्या टेबलांवर दिवे, सायकली, लहान मुलांच्या खुर्च्या. माझं टेबल मोकळं. एका जाणकारांनी विचारलं, "काम झालं नाही का?" मी म्हटलं, "झालंय. पण दाखवायची परवानगी नाही." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

मला नापास केलंय. म्हणजे सहा महिने पुन्हा, ऑक्टोबरात नवी ज्युरी. आईनं ऐकल्यावर एक मोठा उसासा सोडला. बाबा म्हणाले, "जेवलीस का?"

तुला दोष द्यायला लिहिलेलं नाही. बाबांकडून अर्धवट कानावर येण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, म्हणून. टेबलापाशी उभी होते तेव्हा लाज वाटली नाही. पहिल्या वर्षी पहिली आले होते तेव्हा आतून वाटत होती.

आता तुला त्रास देणार नाही. माझी फार आठवण आली, तर पायरीवर बघ. सुट्टीत मी बहुतेक तिथेच बसलेली असेन.

टाचणी

१५ मे

आत्या, आत्या, आत्या,

खोकं आलं.

आधी वाटलं, न उघडताच परत पाठवलंस. वजन तेवढंच, दोरी तीच. वसतिगृहाच्या जिन्यातच बसले. गाठ सुटेना, दातानं तोडली. तू असतीस तर हातावर फटका दिला असतास.

आत माझी कात्री. आणि तिच्यावर सगळीकडे तुझा निळा खडू! तळाच्या पुढच्या कडेला बाण, आणि शेजारी तुझी ती तिरकी रेघ, जी तू कापडावर मारतेस, म्हणजे "इथून काढ". मी बोट फिरवून बघितलं. खरंच तिथे धार राहिलीय, कापड अडकणारच. खालच्या मुठीला दोन फुल्या, करंगळीच्या जागी. आणि अंगठ्याच्या कडीला जांभळ्या मखमलीची पट्टी, पांढऱ्या दोऱ्याच्या लांब लांब कच्च्या टाक्यांनी धरलेली, ओढली की सुटेल अशी. तीच मखमल. उशी उसवलीस, की तेव्हाचा तुकडा जपून ठेवला होतास? मनानं ठरवत नाही. आले की विचारते.

खाली पॉपलीनचा तुकडा होता. बाहीचा गोलवा, एका दमात कापलेला. उजेडात धरून बघितला. कुठेही दात नाही.

मग तळाला पावती सापडली. दुकानाची, नेहमीची. आधी नुसती उलटीसुलटी करत बसले, कारण अक्षर ओळखीचं वाटेना. बाबांचं नव्हतं. सगळी अक्षरं हललेली, रेघ सोडून वरखाली गेलेली, "ण"ची काठी तर पार खालच्या ओळीत उतरलेली. तुझं अक्षर मी किती वर्षांत बघितलं नव्हतं. तू पडद्यामागे गेली नाहीस, चष्मा घरी राहिला म्हणाली नाहीस. तुझ्या हातानं लिहिलंस आणि पाठवलंस, काही न झाकता.

नाव: टाचणी. ट्रायल: गुरुवार, दुपारी चार. स्वतः येणे.

आणि मागे दोन ओळी: "असं अर्धवट कुणाला दाखवू नकोस. आधी नीट कर."

मी जिन्यात बसून इतकी रडले, की वरच्या मजल्यावरची मुलगी पाणी घेऊन आली. तिला मी सांगितलं, "माझ्या आत्यानं माझ्या चुका काढल्यात." तिला वाटलं, फार वाईट काहीतरी झालंय.

पाच महिने आहेत. ऑक्टोबरपर्यंत तू म्हणशील तितक्या ट्रायल घेऊ. फोन बॅगेत ठेवीन, घड्याळ घरी. नुसती वही आणि कानस आणते. तू सांग, मी लिहून घेते. लिहिलेलं तुला वाचून दाखवते, तू खोडशील ते खोडते. पोस्टरवर काय जाईल आणि काय जाणार नाही ते तू ठरव. तुझं नाव घालायचं की नाही, तेही. घालायचं म्हणालीस तर क्रमांक कुठलाच नसेल.

हे पत्र तुला बुधवारी मिळेल. गुरुवारी चारला येते. खरं म्हणजे तीनलाच येईन आणि पायरीवर बसेन. गिऱ्हाईक असेल तर घाई करू नकोस, कापायचं असेल तर तुझे आकडे पुरे होऊ दे. मी थांबते.

तुझी
टाचणी